एक चष्मा जास्त

"कुठलं गं? ते तीन छत्र्यांचं?"

आमच्या मंडळाच्या कुठल्याही जुन्या नाटकाचा विषय निघाला की सिस्टर हाच प्रश्न विचारायच्या. नाटकाचं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही आणि गोष्ट तर त्यांना बहुतेक वेळा ठाऊकच नसायची. एका घराण्याच्या तीन पिढ्यांची शोकांतिका आम्ही चार महिने घसा कोरडा करून बसवली होती. सिस्टरांच्या लेखी ते 'दोन कंदील आणि फुटक्या आरशाचं' नाटक. मीरा-भाईंदरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात त्या आठ वर्षं काम करत होत्या आणि त्या आठ वर्षांत एकही नाटक त्यांनी समोर बसून पाहिलं नाही. विंगेतून त्यांना नटाचा हात तेवढा दिसायचा, आणि तेवढा पुरतो असं त्यांचं म्हणणं होतं. "तोंडाचं काय, तोंड कोणीही करतं. हात बघावा," असं म्हणायच्या.

त्यांच्याकडे प्रॉपर्टी होती. मीरा रोडला प्रॉपर्टी म्हटलं की समोरचा लगेच कार्पेट एरिया विचारतो, म्हणून सांगून टाकते. नाटकातली प्रॉपर्टी म्हणजे नटाच्या हाताला लागणारी प्रत्येक वस्तू. कप, पत्र, काठी, कुलूप, चष्मा. ती जमवायची, वेळेवर नटाच्या हातात द्यायची आणि प्रयोग संपला की परत गोळा करायची. ह्या कामाला टाळ्या नसतात. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीत, छत्तीस वर्षं डॉक्टरांच्या हातात कात्र्या आणि चिमटे देऊन त्या निवृत्त झाल्या, भाईंदर पश्चिमेला राहायला आल्या आणि आल्या आल्या आमच्या हाती लागल्या. खरं म्हणजे आम्ही त्यांच्या हाती लागलो.

मी मंडळात गेले ती अभिनय करायला. शाळेत असताना मला अभिनयाची एक ढाल मिळाली होती. गिरगावातून मीरा रोडला येऊन, अंधेरीच्या ऑफिसात पंधरा वर्षं काढूनही ती ढाल काही माझ्या डोक्यातून गेली नव्हती. एका शाळेच्या रिकाम्या वर्गात तालमी चालायच्या. दारातच एक बुटक्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसलेल्या बाई उभ्या होत्या. मी नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "हात बघू." मला वाटलं, बाई भविष्य बघतात. मी मोठ्या आशेने उजवा हात पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला. "नखं काप. उद्यापासून माझ्याकडे."

पुढे मला रंगमंचावर कामं मिळाली, नाही असं नाही. दर नाटकात मी शेजारीण असायचे. दार वाजवायचं, वाटीभर साखर मागायची, घरात चाललेलं भांडण बघून 'येते मी नंतर' म्हणून निघायचं. बाकीचे दोन तास सिस्टरांच्या हाताखाली.

हाताखाली म्हणजे काय, ते सांगायला हवं. विंगेत दोन बाकं जोडून त्यांच्यावर पांढरी चादर अंथरलेली असायची. तेच त्यांचं टेबल. चादरीवर निळ्या पेन्सिलीने प्रत्येक वस्तूची आकृती काढलेली आणि आत नंबर. कप उचलला की तिथे कपाच्या आकाराची रिकामी जागा दिसलीच पाहिजे. नटाने टेबलापाशी यायचं, तळहात पुढे करायचा आणि वस्तूचं नाव घ्यायचं. "चष्मा." सिस्टर तो त्याच्या तळहातावर ठेवायच्या, ठेवताना एक हलकी चापट बसायची, आणि त्याही म्हणायच्या, "चष्मा." मगच त्याने रंगमंचावर जायचं. परत आला की हेच सगळं उलट. नाव न घेता कोणी वस्तू उचललीच तर मनगटावर फटका. फटका खाणाऱ्यांत एक बँकेचे मॅनेजर होते आणि दोन वेळा आजोबा झालेले एक गृहस्थही होते.

दिग्दर्शकाला त्या 'डॉक्टर' म्हणायच्या. जो सगळ्यांवर ओरडतो आणि ज्याचं सगळ्यांनी ऐकायचं असतं तो डॉक्टर, इतकं साधं होतं ते. तो बिचारा एका खासगी कंपनीत टॅक्सचं काम बघायचा. पहिले काही दिवस त्याने विरोध केला, मग त्याला ते आवडायला लागलं आणि शेवटी आम्ही सगळेच त्याला डॉक्टर म्हणू लागलो. शाळेच्या वॉचमनने एकदा त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टर साब, घुटने में बहुत दर्द है." सिस्टरच मध्ये पडल्या. "गरम पानी से सेको. डॉक्टर अभी बिझी है," असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं. डॉक्टर खरोखर बिझी असल्यासारखा वहीत बघत राहिला.

नट म्हणजे त्यांच्या दृष्टीने पेशंट. पेशंटशी गोड बोलायचं, पण त्याला विचारून काही करायचं नाही, हे त्यांचं धोरण.

वस्तू जमवायला त्या घरोघर जायच्या. कोणाच्या घरात काय आहे हे त्यांना घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीशी चाललेलं त्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलंय.

"बेन, आपका वो पीतल का डब्बा दो दिन देना. उसमें हमारी सास बहू का लेटर छुपाती है."

"हाय हाय! क्यूं छुपाती है?"

"वो मेरे को नहीं मालूम. मैंने नाटक देखा नहीं है."

मग बेन सहकुटुंब डबा बघायला प्रयोगाला आल्या. नाटक किती कळलं देव जाणे, पण डबा रंगमंचावर आला तसा पहिल्या रांगेतून टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूचं काम करणारीला वाटलं, आपल्याला मिळाल्या. आमच्या बहुतेक प्रयोगांना निम्मे प्रेक्षक आपापलं सामान बघायला आलेले असायचे.

नाटकात पत्र असलं की नट कोरा कागद हातात धरतात आणि पाठ केलेलं बोलतात. सिस्टरांना ते चालायचं नाही. "कोरा कागद वाचणाऱ्याचे डोळे हलत नाहीत," म्हणायच्या. त्यामुळे दर प्रयोगाला त्या नवं पत्र लिहायच्या. पण नाटक ठाऊक नसल्यामुळे नाटकातलं पत्र काही त्यांना लिहिता यायचं नाही, मग मनाला येईल ते लिहायच्या. आमच्याकडे एक विमा एजंट होते. दर नाटकात बापाचंच काम करायचे, म्हणून सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. एका प्रयोगात मुलगा गेल्याची बातमी देणारं पत्र त्यांनी थरथरत्या हातांनी उघडलं, तर आत लिहिलं होतं, 'बाबा, आज आवाज घशातून येतोय. घरी गेल्यावर मिठाच्या गुळण्या करा. शर्टाचं तिसरं बटण उघडं आहे.' बाबांनी रडत रडत बटण लावलं. त्या बटण लावण्यावर बायकांनी डोळे पुसले.

आणि प्रयोग संपला की मोजणी. दोघींनी, मोठ्याने, दोनदा. मोजणी पुरी होईपर्यंत मेकअप उतरवायचा नाही, घरी जायचं नाही, लघवीलासुद्धा विचारून. एकदा गणपतीच्या मंडपात प्रयोग होता. संपल्यावर आमचा सत्कार करायला नगरसेवक शाली घेऊन रंगमंचावर उभे, आणि आत काडेपेटी कमी. सिस्टर कोणाला बाहेर सोडायला तयार नाहीत. मंडळाचे कार्यकर्ते दोनदा येऊन सांगून गेले की साहेब खोळंबलेत.

"खोळंबू देत. पेशंट टेबलावर खोळंबतो, साहेबांना काय धाड भरलीय?"

वीस मिनिटांनी ती काडेपेटी साहेबांच्याच एका माणसाच्या खिशात सापडली. समई लावायला त्याने आमच्या टेबलावरून उचलली होती. सिस्टरांनी हात पुढे केला. तो देऊन चालायला लागला तर त्याला थांबवलं. "नाव घ्या." तो गडी शरमून "काडेपेटी" म्हणाला तेव्हा कुठे शाली आमच्या अंगावर पडल्या.

एवढी मोजामोज बघून आम्ही आमच्या परीने एक गोष्ट रचून ठेवली होती. नोकरीत कधीतरी कोणाच्या तरी पोटात कापसाचा बोळा राहिला असणार, ती टोचणी बाईंच्या मनातून गेलेली नाही, वगैरे. नाटकवाल्यांना दुसरं काय सुचणार? एकदा मी धीर करून विचारलंच. त्या खो खो हसल्या. "अगं, एकदाही नाही! छत्तीस वर्षांत एकदाही मोजणी चुकली नाही माझी." ह्या 'एकदाही नाही'चा त्यांना अभिमान होता आणि तो त्या अजिबात लपवायच्या नाहीत.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. एकुलता मुलगा नाशिकला, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीचा संसार. खुर्चीवर कपडे, टेबलावर भाजी, किल्ल्या फ्रिजमध्ये. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "इथे कोणाचं पोट उघडं पडलंय?"

आता त्या चष्म्याबद्दल.

आमच्या मंडळाचं एक जुनं दुखणं होतं. दरवर्षी आम्ही नाट्यस्पर्धेत उतरायचो आणि दरवर्षी प्राथमिक फेरीतच गारद व्हायचो. डॉक्टरला त्याचा फार सल होता. "एकदा अंतिम फेरीत जायचंय मला. फक्त एकदा," असं तो दर तालमीनंतर म्हणायचा आणि त्या वेळी त्याचा चेहरा बघवायचा नाही. त्या वर्षी मात्र नाटक खरंच उभं राहिलं होतं. निवृत्त बाप आणि घर सोडून निघालेली मुलगी. बाबा कमाल करत होते. आपण ह्या वेळी जाणार, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटू लागलं होतं.

फेरी ठाण्याला होती, आमचा प्रयोग दुपारचा. सकाळी सामान घेऊन निघालो आणि वरसाव्याच्या पुलाअलीकडे टेम्पो अडकला. टेम्पोवाला भाईंदरजवळच्या मुर्धे गावचा, शांत माणूस. खाली उतरून पुढे बघून आला आणि म्हणाला, "ताई, गाड्या हालतच न्हाय. आता देवाचं नाव घ्या." देवाचं नाव घेत दीड तास काढला. नाट्यगृहावर पोचलो तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. मी भराभर पिशव्या उपसून टेबल मांडत होते. सिस्टर थर्मासमध्ये चहा भरून आणायला उपाहारगृहात गेल्या होत्या, कारण रंगमंचावरचा चहा त्यांना खरा आणि गरम लागायचा.

त्या परत आल्या त्या चरफडतच. त्यांच्या हातात बाबांचा जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता. "बेसिनपाशी टाकून आले होते. यांना काय म्हणावं!" बाबांना ती खोड होतीच. टेबलावर चष्म्याची जागा रिकामी होती, तिथे तो गेला. मग घंटा झाली, बाबांनी हात पुढे केला, "चष्मा." "चष्मा." चापट बसली आणि बाबा रंगमंचावर गेले.

पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी बिघडलंय हे कळलं. बाबा खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची चाचपत होते. चहाचा कप त्यांनी बशीच्या शेजारी, हवेत ठेवला. विंगेत आले तेव्हा घामाघूम.

"सिस्टर, मला काही दिसत नाहीये हो. सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतंय."

"प्रयोगाच्या दिवशी होतं असं. बीपीची गोळी घेतलीत का?"

"सकाळी घेतली."

"मग जा बिनधास्त. पाय घासत चाला, पडणार नाही."

चष्मा काढून बघावं हे बाबांच्या मनात आलं नाही. आमच्याकडे एकदा अंगावर चढलेली वस्तू परस्पर काढायची पद्धतच नव्हती. दुसऱ्या अंकात मी वाटी परत द्यायला आले. त्याच वेळी मुलगी बॅग घेऊन निघते आणि बाप तिच्या डोक्यावर हात ठेवतो. बाबा सावकाश, पाय घासत पुढे आले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "जा पोरी. मागे बघू नकोस." माझ्या हातात वाटी. मी काय करणार? मी मागे न बघता गेले. खरी मुलगी बॅग घेऊन तशीच उभी. पण तीही पक्की होती, स्वतःच पुढे होऊन तिने बापाचा दुसरा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

पडदा पडला. मोजणी सुरू झाली. टेबलावर चौसष्ट वस्तू होत्या. रिकामा थर्मास पिशवीत ठेवायला गेले तर तळाशी एक चष्म्याची डबी. उघडली, आत बाबांचा नाटकातला, साध्या काचांचा चष्मा. सकाळच्या धांदलीत मीच ती भलत्या पिशवीत कोंबली होती.

"पासष्ट," सिस्टर म्हणाल्या. पुन्हा मोजलं. पासष्ट.

कमी भरल्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक होतं. जास्त भरल्यावर काय करायचं हे छत्तीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी तो परका चष्मा डोळ्यांना लावला आणि झटकन काढला. "नंबर आहे याला. चांगला जबरी."

तेवढ्यात आयोजकांपैकी एक बाई आत डोकावल्या. परीक्षकांपैकी एकांचा चष्मा सापडत नाहीये, कोणाला दिसला का? तीन परीक्षकांतले सगळ्यात वयस्कर. नाटक सुरू होण्याआधीपासून चष्मा नाही. "ते म्हणतात, आपणच कुठेतरी विसरलो असू. मुलीला फोन करून घर शोधायला लावलं, तिथेही नाही. फार खट्टू झालेत." एवढं सांगून त्या पुढच्या खोलीत गेल्या.

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. त्या एका परीक्षकांनी आमचं नाटक बघितलंच नव्हतं, आणि त्यांचा चष्मा आमच्याच बापाच्या नाकावर होता.

"सिस्टर," तो हळू आवाजात म्हणाला, "गुपचूप बेसिनपाशी ठेवून या. सापडेल त्यांना. कोणाला काही कळायचं नाही."

"सापडेल," सिस्टर म्हणाल्या. "पण मग त्यांना वाटेल, मीच इथे ठेवला आणि विसरलो."

"वाटू दे ना! काय बिघडतं? सांगितलंत तर ते आपल्याला मार्क तरी देतील का? सात वर्षं, सिस्टर!"

"डॉक्टर, तुम्ही बेचाळीस वर्षांचे. तुम्हाला नाही कळायचं." त्या चष्मा पदराने पुसत होत्या. "गेल्या वर्षी मी गॅसवर दूध ठेवून खाली भाजी आणायला गेले होते. काही झालं नाही, शेजारणीने वेळेवर बघितलं. पण दोन महिने मी कुलूप लावून चार-चारदा परत जात होते. आपलं आपल्याला खरं वाटेनासं होतं. त्यांनी तर काही चूक केलेलीच नाही. मी केलीय."

डॉक्टर दार अडवून उभा होता. सिस्टर त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. तो बाजूला झाला, पण त्याने आमच्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्या मागोमाग गेले. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. मलाही अंतिम फेरीत जायचं होतं.

परीक्षक बाहेरच्या दालनात एका खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. पुढ्यातल्या बशीतला वडा तसाच. सिस्टर समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ड्युटीवरचा रिपोर्ट द्यावा तसं एका दमात बोलल्या. "हा तुमचा चष्मा. तुम्ही विसरला नव्हता. बेसिनपाशी होता, तो मी उचलला, आमच्या नटाचा समजून. चूक माझी."

त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि सिस्टरांकडे बघत राहिले. आता ओरडणार, असं मला वाटलं.

"बेसिनच्या कुठल्या बाजूला होता?"

"डावीकडे. साबणाच्या वर."

"काचा वर होत्या की खाली?"

"वर."

"मी काचा वरच ठेवतो," ते म्हणाले. "तोंड धुतलं, कोणीतरी हाक मारली म्हणून चहाकडे वळलो. पाच मिनिटांनी परत आलो तर नाही. मग वाटायला लागलं, मी तो लावून तरी आलो होतो का?" त्यांनी खिशातून मोबाइल काढला. तो कानाला लावेपर्यंत त्यांचा धीर निघत नव्हता. "हॅलो! अगं, सापडला! नाही, विसरलो नव्हतो मी. चोरीला गेला होता! चोरीला! अगं, घाबरतेस काय, चांगली बातमी आहे ही! आणि पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून जायचं नाही असं जे म्हणालीस ना, ते आधी मागे घे."

फोन ठेवून त्यांनी वडा उचलला आणि दोन घासांत संपवला. मग सिस्टरांना म्हणाले, "बाई, तुमचं नाटक मी फक्त ऐकलंय. ऐकायला उत्तम होतं. पण न बघता मार्क देणं काही मला जमणार नाही. बाकीच्या दोघांना तसं सांगतो."

सामान भरून टेम्पो परत निघाला. वरसावं ओलांडल्यावर सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "त्यांचं वय झालेलं नाही, हे तर ठरलं. म्हणजे माझं झालं."

"सिस्टर, डबी मी चुकीच्या पिशवीत टाकली होती."

"टेबल माझं होतं," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या.

निकाल लागला. दोन परीक्षकांच्या मार्कांवर आम्ही अंतिम फेरीत गेलो नाही, एका नंबराने हुकलो. बाबांना मात्र अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर लिहिलं होतं, 'दृष्टी गमावत चाललेल्या पित्याची व्यथा संयतपणे साकारल्याबद्दल.' आमच्या नाटकातल्या बापाचे डोळे ठणठणीत होते. बाबांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात लावलंय, आणि बीपीच्या गोळीमुळे तसं झालं हे ते अजूनही शपथेवर सांगतात.

सिस्टर तालमीला यायच्या थांबल्या. सामानाच्या पेटीची किल्ली त्यांनी टेम्पोवाल्याच्या हाती पाठवून दिली. डॉक्टर त्यांचं नाव काढत नव्हता. महिनाभराने मी त्यांच्या घरी गेले आणि दारातच थबकले. घर लख्ख आवरलेलं होतं. खुर्ची रिकामी, टेबल रिकामं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लायटर, चिमटा, साणशी ओळीने मांडलेली आणि प्रत्येक वस्तूभोवती निळ्या पेन्सिलीची रेघ. किल्ल्यांना भिंतीवर खिळा, खिळ्याखाली किल्ल्यांचं चित्र.

"विसरायला नको," त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण मला भडभडून आलं. चहा न घेताच मी निघाले आणि तशीच डॉक्टरकडे जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो हातातला पेपर चाळत राहिला. मला वाटलं, ह्याचा राग जन्मभर जायचा नाही.

दुसऱ्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "खाली ये. सिस्टरांकडे जायचंय."

इथे डॉक्टरबद्दल एक सांगायला हवं. रंगमंचावरच्या सामानाचा त्याला मनापासून तिटकारा. एक खुर्ची आणि एक प्रकाशझोत, बाकी सगळं नटाने उभं करायचं, हे त्याचं कॉलेजपासूनचं मत. आमच्या एकेका कपासाठी सिस्टर त्याच्याशी भांडल्या होत्या. त्या दिवशी तो त्यांच्यासमोर बसला आणि त्याने खिशातून चार पानी कागद काढला.

"नवं नाटक घेतोय," म्हणाला. "लग्नघर आहे."

"मला नका सांगू, डॉक्टर. दुसरी कोणी बघा. माझ्या हातून आता व्हायचं नाही."

"नका करू. नुसतं ऐका." आणि तो वाचायला लागला. पाट सहा. तांब्या-भांडी चार. समया दोन. ताम्हन, पळी, पंचपात्री. सूप, रोवळी, परात. मुंडावळ्या. अंतरपाट. रुखवताची ताटं अकरा, प्रत्येकात काय काय ते वेगळं. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. तो न थांबता, एका सुरात, टॅक्सचे आकडे वाचावेत तसा वाचत होता. विड्याची पानं, कात, चुन्याची डबी, सुपारी. हळदीकुंकवाचा करंडा. अत्तरदाणी. गुलाबदाणी. एकशे बारा वस्तू झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली.



"अडकित्ता?" सिस्टर खिडकीकडे बघतच म्हणाल्या.

"काय?"

"सुपारी वाचलीत. अडकित्ता कुठाय? लग्नघरातली माणसं सुपारी काय दातांनी फोडणार आहेत?"

डॉक्टरने घडी उलगडून यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितली. "राहिला खरा," म्हणाला.

सिस्टर उठल्या, त्याच्या हातातून त्यांनी ती यादी काढून घेतली आणि मला म्हणाल्या, "पेन्सिल बघ गं कुठाय." तो अडकित्ता डॉक्टर खरंच विसरला होता की त्याने मुद्दाम वगळला होता, हे मी नंतर त्याला पुष्कळदा विचारलं. तो सांगत नाही.